दिवाणी सल्ला आणि चार गोल

कुंभकोणममधील महाविद्यालयीन फुटबॉल हंगामाच्या पहिल्या सामन्याचे मूल्यमापन करताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: मैदानावर घडले ते, आणि चाहत्याच्या, म्हणजे बूट न घालता केवळ घशाने खेळणाऱ्या इसमाच्या मते घडायला हवे होते ते. प्रस्तुत चाहता तंजावरी मराठी आहे, म्हणजे मराठा राजवटीत कावेरीच्या खोऱ्यात स्थिरावलेल्या घराण्यांपैकी एकातला. आणि 1828 साली याच गावात जन्मलेले सर टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर व बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले असल्यामुळे, सल्ला देण्याचा अधिकार आपल्याकडे वारशाने आला आहे, अशी त्याची ठाम समजूत आहे. माधवरावांना सल्ल्याचा पगार मिळत असे आणि लोक तो सल्ला विचारीत असत, हे तपशील तो वगळतो.

त्याचा संघ 4–0 असा हरला. मधली फळी विस्कळीत, बचाव सुस्त आणि आघाडीत जोर नाही, हा त्याचा अभिप्राय सामन्यापूर्वीच तयार होता, कारण गेल्या हंगामाचाच तो उरलेला होता.

अभिप्रायापेक्षाही त्याचा जीव ऑफसाइडच्या नियमात अडकलेला आहे. चेंडू पुढे दिला जाताना तो घेणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात, चेंडूच्या पुढे आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड ठरतो. 1925 पूर्वी गोलरेषेच्या बाजूला असे तीन खेळाडू लागत, त्या वर्षापासून दोन पुरेसे झाले आणि इंग्लंडात गोलांचा पाऊस पडला. शेवटून दुसऱ्याच्या अगदी बरोबरीत उभ्या असलेल्याला मात्र 1990 पर्यंत सूट नव्हती. हा सारा इतिहास शेजारच्या प्रेक्षकाला समजावा म्हणून चाहत्याने बाकावर कॉफीचे दोन डवरे, म्हणजे टंबलरखालच्या पसरट वाट्या, बचावपटू म्हणून मांडले, टंबलरला हल्लेखोर केले आणि निशाणवाल्या पंचाच्या जागी विड्याचे पान उभे धरले. टंबलर ऑनसाइड ठरला त्याच क्षणी मैदानात तिसरा गोल झाला.

मैदानाबद्दल मात्र थट्टा करवत नाही. सभा-समारंभांच्या मांडवांसाठी खणलेले खड्डे कोणी बुजवत नाही, त्यामुळे सरळ आलेला चेंडू ऐनवेळी कुठे उडेल याचा भरवसा नसतो. डाव्या बचावपटूचे बूट थोरल्या भावाचे होते आणि पुढच्या टोकाशी वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते. गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला तेव्हा चाहत्याने, हाताला तूप लावून आलास काय, असे खणखणीत तमिळमध्ये विचारले होते. सामना संपल्यावर बस थांब्यावर तोच मुलगा शेजारी उभा राहिला, आणि त्याच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचे दोन तकतकीत, केस नसलेले डाग दिसले. घर नाचियारकोविलला, जिथे पितळेच्या समया वाळूच्या साच्यात ओततात. सराव पहाटे, कॉलेज दिवसा, भट्टी संध्याकाळी. चाहता काही वेळ पितळेच्या भावाबद्दल बोलला.

मग मुलाने विचारले, “सार, तिसरा गोल ऑफसाइड नव्हता ना?”

उत्तराची सुरुवात अर्थातच 1925 पासून झाली. 1990 यायच्या आत नाचियारकोविलची बस आली.