कुठल्या पायात?

जोयडा तालुक्यात प्रत्येक गावात डॉक्टर असेलच असं नाही, पावसाळ्यात बस येईलच असंही नाही. पण आकडे फोडून देणारा एक मास्तर सापडतोच. रामनगरला आहे, जगलबेटला आहे, कुंभारवाड्यालाही आहे. नावं निराळी, नग एकच. मराठी शाळेतून निवृत्त, वय ऐंशीकडे झुकलेलं, खिशाला दोन पेनं (निळं बेरजेला, तांबडं दुसऱ्याच्या बेरजेला) आणि काखेत रद्दी कागदांची शिवलेली वही. त्यांना कुठलाही आकडा सांगा, चष्मा कपाळावर सारून ते आधी एकच विचारणार, "कुठल्या पायात?"

नवख्याला वाटतं, मास्तरांना ऐकू कमी येतं. तसं नाही. आकडा म्हणजे नुसता आकडा, असं या माणसाने आयुष्यात कधी मानलेलं नाही. कितीचा गठ्ठा झाला की पुढच्या घरात एक जातो, हे कळल्याशिवाय ते बेरजेला हात लावत नाहीत. दहाचा गठ्ठा ही त्यांच्या मते आळशी माणसांची सोय. बोटं दहा म्हणून पाया दहा, एवढाच त्यामागचा विचार!

यात त्यांचा दोष कमी, काळाचा जास्त. जोयड्याचा कारवार जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला १ नोव्हेंबर १९५६ ला, आणि नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. पाच महिन्यांत राज्य बदललं आणि रुपयाही बदलला. मास्तर तेव्हा पाटीवर पावकी, निमकी, पाऊणकी गिरवून नुकते औटकीला लागले होते. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण, वीस मणांची खंडी. एवढं सगळं पाठ झालं आणि सरकार म्हणालं, आता सगळीकडे शंभर. आणा सव्वासहा नव्या पैशांचा झाला आणि हातात सहाच पडू लागले. तो पाव पैसा मास्तर आजही सरकारकडून येणं धरतात.

तरीही आणे गेले असं समजणाऱ्याने पहाणीपत्र बघावं. कर्नाटकात जमिनीचं क्षेत्र आजही एकर, गुंठे, आणे असंच लिहितात. चाळीस गुंठ्यांचा एकर, सोळा आण्यांचा गुंठा आणि मधे टिंब. या टिंबावरच मास्तरांचा दरबार चालतो.

वाटणीसाठी पणजीहून पुतण्या येतो. दोन सर्व्हे नंबर असतात, एक २.१० आणि दुसरा १.३५. मोबाईलवर बेरीज करून तो सांगतो, "तीन पॉइंट पंचेचाळीस एकर."

मास्तर तांबडं पेन काढतात. "एकरात गुंठे किती?"

"चाळीस."

"मग हे पंचेचाळीस कुठल्या एकरात मावले, बाबा?"

पंचेचाळिसातले चाळीस पुढच्या घरात जातात, एकर चार होतात, गुंठे पाच उरतात. "तुझ्या यंत्राने सत्तावीस गुंठे गिळले," असं म्हणून मास्तर मोबाईल पुतण्याकडे दोन बोटांनी सरकवतात. मग चार भावांचे हिस्से. १६५ गुंठे भागिले चार, म्हणजे सव्वाएकेचाळीस. दर हिश्श्याला एक एकर, एक गुंठा, चार आणे. गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यातले चार आणे म्हणजे २७२ आणि वर पाव. एकर-गुंठ्यांवर भावांचं लगेच जमतं. चार आण्यांवर मात्र तीन पावसाळे भांडण चालतं, कारण त्यात फणस उभा असतो. बुंधा एकाच्या आण्यात, फांद्या दुसऱ्याच्या. इथे मास्तर वही मिटतात. गऱ्यांचा पाया त्यांनाही ठाऊक नाही.

मास्तरांची खरी कळी खुलते ती इंजिनिअरिंगचा विद्यार्थी सुट्टीत घरी आल्यावर. पोरगं परीक्षेसाठी षोडशमान पद्धत घोकत असतं. मास्तर विचारतात, "१३७ चे किती?" ते कागद शोधेपर्यंत मास्तरांचं उत्तर तयार, "आठ रुपये नऊ आणे. लिही, ८९." २५५ म्हटलं की "पंधरा रुपये पंधरा आणे." पोरगं सांगतं, त्याला एफ एफ म्हणतात. मास्तर हळहळतात, "एक आणा असता तर सोळा रुपये पुरे झाले असते रे!"

द्विमान पद्धत म्हणजे त्यांच्या लेखी वाण्याचा तराजू. छटाक, नवटाक, पावशेर, अच्छेर, शेर. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. तेरा छटाक तोलायचे तर अच्छेर घातलं, पावशेर घातलं, नवटाक राहिलं, छटाक घातलं. घातलं तिथे एक, राहिलं तिथे शून्य. झाले ११०१. "यासाठी तुला दीड लाख फी?" एवढाच त्यांचा प्रश्न असतो, आणि तो कुठल्या पायात, हे पोराच्या बापाला नीट कळतं.

घरात मात्र या विद्येला मान नाही. तीन वाट्या तांदूळ घ्या म्हटलं की मास्तर वाटीचे तोळे विचारतात. त्यामुळे काकूंनी त्यांना स्वयंपाकघराची बंदी केली आहे, आणि ती कुठल्याही पायात कायमची आहे.

मास्तरांची फी ठरलेली: एका कामाला चार आणे. पावलीचं नाणं ३० जून २०११ पासून बंद झालं, तरी दर बदललेला नाही. दहाची नोट ते घेत नाहीत. वहीत मांडून ठेवतात. परवा एकाची पंधरा कामं झाली, येणं तीन रुपये बारा आणे. त्याने नातवाच्या फोनवर पैसे पाठवले. पडद्यावर उमटलं ३.७५. मास्तर चपापले. "टिंबापुढे पंचाहत्तर? अहो, आणे सोळाच्या पुढे जात नाहीत!" मग निळं पेन निघालं. शंभरातले पंचाहत्तर म्हणजे चारातले तीन, म्हणजे सोळातले बारा. त्यांनी दोनदा ताळा केला, येण्यावर काट मारली आणि समोरच्याला दम भरला, "पैसे पोचले. पण पुढच्या वेळी पाया लिहून पाठवा."