तार शेठची, करवंदं कुणाची?

वहिनी, वरच्या टेपावर तार लागली, बघितलीत का? गेल्या आठवड्यात दिवसभर जेसीबी घरघरत होता, मला वाटलं रस्त्याचं काम निघालं. थांबा, तुमच्या वईच्या काट्या जरा बाजूला करते, म्हणजे हळू बोलता येईल. मुंबईची पार्टी आहे म्हणे. जागा घेऊन ठेवली होती, आता फार्महाऊस बांधणार. सिमेंटचे खांब, पाच पदरी काटेरी तार आणि फाटकावर पाटी, आत येण्यास सक्त मनाई. मनाई कुणाला, तर गुरांना आणि आपल्याला. दुसरं कोण फिरकतंय तिकडे?

पण खरी गंमत पुढेच आहे. शनिवारी हाच शेठ बायकापोरांना घेऊन महाबळेश्वराहून उतरत होता. आंबेनळीची वळणं संपली, खाली कातकरी वाडीवरच्या बायका पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसलेल्या. शेठाणीने गाडी थांबवली. करवंदं बघून तिला भरून आलं, लहानपण आठवलं की काय कोण जाणे. तीस रुपयांना एक, असे चार द्रोण घेतले. आपली ती म्हातारी, जिचा एक डोळा अधू आहे, तिने शेठच्या पोराला विचारलं, "कोंबडा की कोंबडी?" पोराला काही कळेना. मग तिने करवंद फोडून दाखवलं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. झालं, पोरगं तिथून हलेना. ओठांना चीक लागला, शर्टाला डाग पडले, तरी फोडतंच राहिलं. तेवढ्यात शेठाणीने विचारलं, "कुठली गं ही करवंदं?" म्हातारी कशाला खोटं बोलेल? म्हणाली, "त्या टेपावरची, ताई. नवी तार लागली ना, तिच्या आतली."

मोठ्याने हसू नका, शेठचा राखणदार नळावर उभा आहे. हे मला म्हातारीनेच सांगितलं, पदर तोंडात धरून. तारेखालून आधी पाटी सरकवायची, मग आपण सरपटायचं. जाळीच्या काट्यांत ज्यांचा जन्म गेला त्यांना तारेचे काटे काय करणार?

तारेचं मला एवढं नाही वाटत, वहिनी. जेसीबीने खालच्या अंगाची मोठी जाळी मुळासकट उपटली, ते जिवाला लागलं. सासूबाई त्याच जाळीतली करवंदं आणायच्या. जाताना आकडी न्यायच्या, आणि हात घालायच्या आधी तिने जाळी धोपटायच्या, आत फुरसं असलं तर निघून जावं म्हणून. करवंदीला कधी कुणी पाणी घातलंय का, खत घातलंय का? कातळाच्या फटीत उगवते, शिमग्याच्या सुमारास पांढरी फुलते, चैत्रात चटणीपुरती हिरवी देते आणि वैशाखात काळी. तिला फक्त वणवा नको. फुलोरा जळाला की त्या साली नुसते काटे. यंदा पलीकडच्या डोंगराला वणवा कुणी लावला ते तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. गवत चांगलं येतं म्हणतो, मेला. नाव घेत नाही, त्याच्या सुनेशी माझं बरं आहे.

आमची धाकटी तिकडे इंग्लंडात आहे ना, तिला फोनवर सांगितलं, तर म्हणते, आई, इथेही असंच असतं. त्यांच्याकडे ब्लॅकबेरी. शेताच्या कुंपणात माजलेली, काट्यांनी भरलेली, ऑगस्ट-सप्टेंबरात काळी होणारी. तिच्या शेजारच्या गोऱ्या म्हातारीने तिला बजावलंय, 29 सप्टेंबरला मायकेलमासचा सण झाला की वेचायची नाही. सैतानाला स्वर्गातून ढकललं तो म्हणे ब्लॅकबेरीच्या काट्यांत पडला, त्या रागाने दरवर्षी तिच्यावर थुंकून जातो. आता आपण तरी काय करतो? मिरग बरसला की करवंदाला हात लावू देत नाही, अळ्या पडतात म्हणून. 2025ला तर मोसमी पाऊस 26 मेलाच मुंबईत पोचला. अर्ध्या पाट्या तशाच राहिल्या असतील जाळ्यांत.

आणखी एक ऐका. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात तिकडच्या खेड्यांत शाळेचे मास्तर रोजनिशी लिहायचे. त्यात नोंद असायची की आज वर्ग रिकामा, पोरं ब्लॅकबेरी वेचायला गेली. 1880 साली कायद्याने शाळा सक्तीची केली, तरी पोरं जातच राहिली. मजुराच्या घरात त्या पाटीभर फळांचे चार पैसे यायचे, आईच पाठवायची. पुढे पहिल्या महायुद्धात त्याच सरकारने शाळेतल्या पोरांना ब्लॅकबेरी वेचायला धाडलं, सैनिकांच्या जामसाठी! सरकारला हवी असली की सुट्टी, आईला हवी असली की गैरहजेरी. आपलं बरं, करवंदं मे महिन्याच्या सुट्टीत पिकतात.

जावई मग कायद्यावर घसरला. त्यांच्याकडे 1968चा कायदा आहे. रानात आपसूक उगवलेलं फळ कुणी स्वतःला खायला तोडलं, तर जमीन दुसऱ्याची असली तरी ती चोरी नाही. विकायला तोडलं तर चोरी. मी म्हटलं, वा रे न्याय! हौसेने खाणारा साव, आणि ज्याला त्या पैशांत मीठ-मिरची आणायची तो चोर. आपला 2006चा वनहक्क कायदा त्या मानाने बरा. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना तिथली गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचाही हक्क देतो. पण तो जंगलात. टेप पडला मालकीचा. कातकऱ्याने आता सातबारा बघून जाळीत हात घालावा की काय?

आणि या बायकांनी बसायचं तरी कुठे? कशेडीचा बोगदा झाला, गाड्या आता डोंगराच्या पोटातून जातात. बोगद्यात कोण द्रोण मांडणार? म्हणून तर महाबळेश्वरच्या रस्त्याला एवढी दाटी झाली आहे.

बाकी खाणारे खातातच, त्यांना पत्ता नसतो एवढंच. केकवर ती लालभडक चेरी असते ना, पानातही घालतात, ती बहुतेक वेळा करवंदच असते. साखरेच्या पाकात मुरवून रंगवलेलं. माझी नात ती चाटूनपुसून खाते आणि मी द्रोण पुढे केला की नाक मुरडते.

अगो बाई, मुख्य सांगायचं राहिलंच. काल संध्याकाळी शेठ आमच्या ओटीवर आला होता. मला वाटलं, तारेखालून गेल्याची तक्रार घेऊन आला. कसली तक्रार! टेम्पोत करवंदीची रोपं भरून आणलीत, तारेच्या कडेने जिवंत कुंपण करणार म्हणे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची जात आहे, कोकण बोल्ड. जेसीबीने उपटली ती आपली गावठी, ही विकतची. ह्यांना विचारत होता, पाणी किती घालू, फळं कधी धरतील?

हे सुपारी कातरता कातरता म्हणाले, "तीनेक वर्षं लागतील शेठ. तोवर म्हातारीकडून घेत जा. फक्त चार द्रोणांवर एक फुकट मागू नका, तिला तुमच्या तारेखालून जावं लागतं."