झोपलेल्याच्या म्हशीला पारडी

सुट्टीच्या दिवशी दुपारी जरा आडवं झालं की आमच्या घरात कुणीतरी म्हण टाकतंच: झोपलेल्याच्या म्हशीला टोणगा. दोघांच्या म्हशी एकाच रात्री व्याल्या, जागा होता त्याने पारडी आपल्या गोठ्यात ओढली आणि घोरणाऱ्याच्या दावणीला टोणगा बांधला. ही सरळसरळ चोरीची हकिकत आहे. पण चोराला कुणी काही म्हणत नाही, दोष झोपेला! म्हणून झोपेचं वकीलपत्र मी घेतलंय.

पहिला साक्षीदार 'बीटल्स'वाला पॉल मॅकार्टनी. लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर, जेन अ‍ॅशर या अभिनेत्रीच्या घरी तो राहत असे. तिथे एका सकाळी तो 'यस्टरडे'ची चाल डोक्यात घेऊनच उठला. पलंगाशेजारी पियानो होता, लगेच वाजवून पाहिली. इतकी सुंदर चाल आयती मिळते म्हणजे ती नक्की दुसऱ्या कुणाची असणार, या धास्तीने तो कित्येक दिवस लोकांना ऐकवत, विचारत हिंडला. (ही धास्ती आपल्या काही संगीतकारांना कधी शिवली नाही.) शब्द सुचेपर्यंत त्याने तिच्यावर 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' बसवली होती. १९६५ साली गाणं आलं तेव्हा भुर्जी गळली होती.

आता शास्त्राकडे वळू. झोपेत मेंदू शटर ओढून बसतो, असा एकेकाळी शास्त्रज्ञांचाही समज होता. शिकागो विद्यापीठात युजीन अ‍ॅसरिन्स्की या विद्यार्थ्याने तळघरात धूळ खात पडलेलं मेंदूच्या लहरी टिपणारं यंत्र वर आणलं. प्रयोगाला माणूस हवा, तर स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलालाच, आर्मंडला, तारा चिकटवून झोपवलं. रात्री कधीतरी यंत्राच्या लेखण्या थयथयाट करू लागल्या. पोरगं उठलं वाटतं, म्हणून बाप पाहायला गेला, तर स्वारी गाढ झोपेत आणि मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भिरभिरतायत. यंत्रच बिघडलं असेल, हीसुद्धा शंका येऊन गेली. ही ती आरईएम झोप, जिच्यात ठळक स्वप्नं पडतात. १९५३ मध्ये शोधनिबंध छापून आला, त्यावर नावं दोन: अ‍ॅसरिन्स्की आणि त्याचे मार्गदर्शक नॅथॅनिएल क्लाइटमन. झोपायचं सगळं काम ज्याने केलं त्या आर्मंडचं नाव नाही. पारडी पुन्हा जागणाऱ्यांनी ओढली.

नवजात बाळाची तर साधारण निम्मी झोप याच प्रकारची. झोपेत गालातल्या गालात हसतं तेही बहुधा तेव्हाच. आमची आजी म्हणायची, सटवाई हसवतेय. कारण तिचं, पण निरीक्षण चोख, आणि तेही तारा न चिकटवता.

जागून काय मिळतं तेही पाहा. १९५९ मध्ये न्यूयॉर्कचा पीटर ट्रिप, रेडिओवर पॉप गाणी लावणारा, टाइम्स स्क्वेअरमधल्या काचेच्या खोलीत धर्मादाय निधीसाठी २०१ तास जागला. शेवटी शेवटी तर समोरचा डॉक्टर आपल्याला पुरायलाच आलाय, असं त्याला वाटू लागलं. (आपल्याला ते बिल हातात आल्यावर वाटतं.) आणि 'मॅरेथॉन मॅन' सिनेमाच्या वेळी भूमिकेसाठी जागरणं करून सेटवर आलेल्या डस्टिन हॉफमनला सहकलाकार लॉरेन्स ऑलिव्हिए म्हणे म्हणाले, "पोरा, अभिनय करून का बघत नाहीस?" त्या जागरणांत भूमिकेपेक्षा पार्ट्याच जास्त होत्या, हे पुढे हॉफमननेच सांगून टाकलं.

माझा हुकमी साक्षीदार मात्र 'रोलिंग स्टोन्स'चा गिटारवादक कीथ रिचर्ड्स. 'सॅटिस्फॅक्शन'ची सुरावट त्याने रात्री अर्धवट झोपेत गिटारवर वाजवली आणि कॅसेटवर टिपली. सकाळी त्याला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. टेप मागे नेऊन ऐकली, तर सुरुवातीला थोडीशी गिटार आणि पुढे चाळीसेक मिनिटं त्याचंच घोरणं, असं तो सांगतो.

हे वाचल्यापासून मीही फोनचा रेकॉर्डर चालू करून झोपतो. गिटारचा भाग अजून यायचाय. घोरण्याचा आला. घरच्यांनी तो लक्ष देऊन ऐकला आणि निकाल दिला, "सूर लागलाय, तालात कच्चे आहात."