ठिणगीची घाई

पिस्टन वर चढत येतो, हवा आणि पेट्रोलचं मिश्रण दाबत येतो, टोकाला पोचतो, ठिणगी पडते, भडका उडतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात असंच असतं. या चित्रावर विसंबून कुणी टायमिंग लावलं, तर इंजिन सुरू होईल, पण कण्हत-कुंथत चालेल. कारण ठिणगी पडली म्हणजे सगळं मिश्रण एका दमात पेटत नाही. ज्योत पसरायला आणि दाब चढायला एक-दोन मिलिसेकंद लागतात. मिनिटाला ३००० फेऱ्या घेणारं चाक एका मिलिसेकंदात १८ अंश पुढे सरकलेलं असतं. म्हणून पिस्टन अजून वाटेत असतानाच ठिणगी पाडून ठेवायची. पाहुणे दारात उभे राहिल्यावर कुकर लावला तर जेवायला किती वाजतील, हे कोणत्याही घरात ठाऊक असतं.

हे तत्त्व मला नोकरीतल्या सगळ्या वर्षांत तोंडपाठ होतं. हाताला मात्र ते कळलं निवृत्तीनंतर, विस्कॉन्सिनमध्ये. मुलाकडे सहा महिने राहायला गेलेल्या बापाला तिथे दोनच कामं असतात: डिशवॉशर रिकामा करणे आणि हिरवळीवर बारीक लक्ष ठेवणे. मला तिसरं सापडलं. घराच्या आधीच्या मालकाने गॅरेजच्या कोपऱ्यात होडीची एक मोटर सोडून दिली होती: जॉन्सन, साडेपाच हॉर्सपॉवर, १९५०च्या दशकातली. होडी नव्हती. पण मला होडीत बसायचंच नव्हतं.

तसं पाहिलं तर ही मोटर माहेरीच होती. मिलवॉकी शहर हे या जातीच्या मोटरींचं मूळ गाव. नॉर्वेत जन्मलेला ओले एव्हिन्रूड लहानपणी आईवडिलांबरोबर विस्कॉन्सिनला आला आणि पुढे मिलवॉकीत यंत्रं बनवू लागला. तिथे अशी गोष्ट सांगतात, की तळ्यावर सहलीला गेले असताना बेस नावाच्या मुलीला आइस्क्रीम खावंसं वाटलं. ओले होडी वल्हवत पलीकडच्या काठाला गेला आणि परत येईपर्यंत उन्हात आइस्क्रीमचं दूध झालं. गोष्टीत तिखटमीठ किती, ते सोडून देऊ. १९०९ मध्ये त्याची मोटर बाजारात आली, हे खरं आहे. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड, किंमत ६२ डॉलर. म्हणजे पौंडाला डॉलर, रोख हिशेब. बेस तोवर त्याची बायको झाली होती आणि धंद्याचा पत्रव्यवहार नि जाहिराती तीच सांभाळत होती. पहिलं यंत्र पाहून ते तिला कॉफी दळायच्या यंत्रासारखं वाटलं, असंही सांगतात. नवऱ्याच्या शोधाचं इतकं मोजकं कौतुक करणारी बायको पाठीशी असली की धंदा बुडत नाही. पुढे १९३०च्या दशकात जॉन्सन आणि एव्हिन्रूड एकाच कंपनीखाली आल्या. माझ्या दृष्टीने याचा फायदा एवढाच, की दोघींच्या मॅग्नेटोचे, म्हणजे ठिणगीची वीज बनवणाऱ्या यंत्रणेचे, कितीतरी भाग सारखेच आहेत आणि ते अजून मिळतात.

या मोटरीला बॅटरी नाही. वरच्या फ्लायव्हीलमध्ये लोहचुंबक बसवलेला आहे. तो कॉइलभोवती फिरतो, वीज तयार होते, आणि पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकलेली धातूची दोन टोकं, ज्या क्षणी उघडतात त्या क्षणी प्लगला ठिणगी पडते. सगळं नाटक त्या उघडण्यात आहे. मधल्या दांड्यावर एक कॅम असतो; पॉइंटच्या पाठीला चिकटलेला फायबरचा छोटा तुकडा त्याच्यावर घासत राहतो आणि उंचवटा आला की पॉइंट फाकतात. किती फाकावेत? २० थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. गंमत अशी, की गॅप आणि टायमिंग ही दोन कामं वाटतात, पण या मोटरीत ती एकच आहेत. गॅप वाढवली की पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी आधी पडते. फायबर झिजला की गॅप कमी होते आणि ठिणगीला उशीर होऊ लागतो. म्हणजे कुणी हात लावला नाही तरी टायमिंग आपोआप मागे पडत जातं. उशिराची ही नैसर्गिक ओढ मला फारच ओळखीची वाटली. मुहूर्त गाठायचा म्हणून मंगलाष्टकांना आणखी दोन कडवी जोडणारी आपली माणसं आहेत.

पॉइंट हा शब्द ऐकून ज्यांचा उजवा हात आपोआप पॉलिश पेपर शोधतो, ती पिढी माझी. सकाळी ऑफिसला निघताना स्कूटर तिरकी करायची, किक मारायची, पुन्हा तिरकी करायची, आणि शेवटी पॉइंट घासायचे. फिलर गेज नसेल तर दाढीची पाती. एक पातं सुमारे दशांश मिलिमीटर जाडीचं, तेव्हा पाच पाती म्हणजे २० थाऊच्या अगदी जवळ. मी हे मुलाला अभिमानाने सांगितलं. त्याने फोनवर काहीतरी टिचकावलं आणि दुसऱ्या दिवशी फिलर गेज दारात हजर.

पण नुसत्या गेजवर माझं समाधान होईना. पॉइंट नेमके कधी सुटतात ते बघायचं तर जुन्या मिस्त्र्यांची युक्ती अशी: सिगारेटचा पातळ कागद पॉइंटमध्ये धरायचा, हलकेच ओढत राहायचं आणि चाक सावकाश फिरवायचं. कागद सुटला, तो क्षण. मी दुकानातून नुसते कागद आणले. ते पाहून ही म्हणाली, "अहो, या वयात?" मी टायमिंगचं सगळं शास्त्र समजावलं. तिचा विश्वास बसला की नाही, अजून नक्की नाही, कारण कोटाचे खिसे काही दिवस तपासले जात होते.

मग पिस्टनचं टोक. प्लग काढून भोकात पेन्सिल सोडली की पिस्टन वरखाली होताना दिसतो, पण अगदी वर पोचल्यावर तो चक्क रेंगाळतो. चाक काही अंश फिरतं आणि पेन्सिल जागची हलत नाही. म्हणून टोकावर टोक शोधू नये. टोकाच्या अलीकडे एका उंचीला चाकावर खूण करावी, पलीकडे तेवढ्याच उंचीला दुसरी, आणि त्या दोहोंच्या मधोमध टोक मानावं. मला ही रीत फार आवडते. जे थेट बघून सापडत नाही, ते दोन्ही बाजूंनी चालत जाऊन गाठायचं.

या मोटरीचा खरा चमत्कार मात्र वेगाच्या दांड्यात आहे. ज्या तबकडीवर पॉइंट आणि कॉइल बसवलेत, ती अख्खी तबकडी दांड्याबरोबर फिरते. दांडा पुढे ढकलला की आधी ठिणगी अलीकडे सरकते आणि मग त्याच तबकडीची कड कार्बोरेटर उघडायला लागते. म्हणजे अगदी मंद चालीत वेग पेट्रोलने नव्हे, नुसत्या ठिणगीच्या वेळेने कमीजास्त होतो. जितकी घाई, तितकी ठिणगी आधी. ही अक्कल ज्याने त्या लोखंडात घातली, त्याला बढती मिळाली असेल अशी आशा आहे.

अर्थात आधीलाही हद्द असते. फार आधी ठिणगी पडली तर वर येणारा पिस्टन उलटा हाणला जातो आणि दोरी ओढणाऱ्याच्या खांद्याला हिसडा बसतो. रिव्हर्स गिअर नसलेल्या सुरुवातीच्या काही मोटरींत लोक याचाच उपयोग करून घेत: चालत्या मोटरीची ठिणगी एकदम पुढे ओढायची की ती उलटी फिरू लागे आणि होडी मागे येई.

आमची मोटर पाण्याने भरलेल्या पिंपात सुरू झाली. कोरडी चालवली तर पंपाचा रबरी पंखा जळतो. पेट्रोलच्या चोवीस भागांना एक भाग ऑइल, त्यामुळे निळा धूर भरपूर. त्या धुराच्या वासावर शेजारचे आजोबा कुंपणापाशी आले, मंद चाल ऐकून मान डोलावली आणि अर्ध्या तासाने स्वतःची मोटर ढकलगाडीवर घालून आणली. ती १९७०च्या दशकातली निघाली. तिच्यात पॉइंटच नाहीत, सगळं सीलबंद डब्यात. तिचं टायमिंग बघायचं तर लुकलुकणारा टायमिंग लाइट हवा. तो आजोबांकडे आहे, पण त्याला बारा व्होल्टची बॅटरी लागते. मुलगा ऑफिसात होता. पण सकाळी निघतानाच तो सांगून गेला होता, "बाबा, माझ्या गाडीच्या बॅटरीला हात लावायचा नाही."