वरनाचा डबा अन् जावेचं फुगलेलं तोंड

काय वो वहिनी, तुरीले ऊन देऊ रायल्या काय? द्या, द्या. भुंगा त वावरातूनच शेंगेवर अंडे घालून येते, मंग लोक उगाच डब्याले नावं ठेवते. आयका, आमच्या मोठ्या जावेची सून बायंतीन झाली. पोट्टी झाली. सिझर करा लागलं, पन दोघी चांगल्या हायेत.

आता खरी गंमत. तिसऱ्या दिवशी डाक्टरीनबाई तपासाले आल्या, त सून रडू रायली. बाईले वाटलं टाके दुखत असतीन. पन कारन काय, त डबा! जावेनं सकायी उकयतं वरन स्टीलच्या डब्यात भरलं अन् झाकन गच्च दाबून पाठवलं. आतली वाफ थंडी झाली का झाकन असं वढल्या जाते का पहिलवानाच्यानंबी उघडत नाई. हिच्या एका हातावर लेकरू, पोटावर टाके. जोर लावला का कय निंघे. बाईनं चमचा मागतला, कडेले घातला, फुस्स झालं अन् निंघालं. "थोडी वाफ जाऊ द्या, मंग झाकन लावा," म्हने. बस, तवापासून जावेचं तोंड फुगेल हाये.

अन् थ्याच बाईनं मंग इचारलं का लोहाच्या गोया खाल्ल्या काय? सून गप. माय वो, सगया गोया दायीच्या डब्यात दाबून ठेवल्या होत्या! गोया खाल्ल्या का पोटात लेकरू लय मोठं होते अन् बायंतपन जड जाते, असं कोनी तरी सांगतलं म्हने. कोनी म्हंजे कोन, तुम्हीबी समजता, मीबी समजतो. 2019-21 च्या सरकारी पाहनीत आपल्या महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायायच्या अंगात रक्त कमी निंघालं, अन् हिच्या गोया दायीची राखन करू रायल्या!

आमची पोट्टी नर्सिंग शिकते ना, थे सांगत होती. गडचिरोलीच्या डाक्टर रानी बंग हायेत, त्याईनं दोन खेड्यातल्या 650 बाया तपासल्या. 1989 मंधी विलायतेच्या 'लॅन्सेट' नावाच्या डाक्टरी पत्रिकेत छापून आलं. शंभरातल्या 92 जनीले आतल्या अंगाचं काही ना काही दुखनं, अन् त्याच्या आधी तपासून घेतलेल्या आठच. इचारलंच नाई कोनी, त सांगन कोन? हे डबे करनारेबी तसेच. फळीवर कसा बसन हे पायते, टाके पडलेली बाई तो कसा उघडन हे कोन पायते?

हे आयकून पोट्टीनं दुसरी गोष्ट काढली. अमेरिकेत टपर नावाच्या मानसानं महायुद्धानंतर पिलाष्टिकचा डबा काढला. झाकन त्याले रंगाच्या डब्यावरून सुचलं. दाबून आतली हवा काढा लागे, अन् दुकानात थे लोकाईले समजेच ना, त घेईन कोन? ब्राउनी वाइज नावाची बाई होती, तिनं घरोघरी बाया जमवून झाकन लावून दाखवलं, तवा कुठं खप सुरू झाला. 1951 मंधी त त्यानं दुकानातून मालच काढून घेतला. 

तर सुनेनं काय केलं, पडल्या पडल्या कागदावर चित्र काढलं. झाकनाले बारीक भोक, त्यात रबरी बूच. आंगठ्यानं उचललं का हवा आत, झाकन सैल. बाजूले एक मोठा कान, म्हंजे एकाच हातानं डबा धराले येते. पोट्टी म्हने, असे बुचाचे झाकनं शहरात भेटते, पन आपल्या मानोऱ्यात स्टीलच्या डब्याले कोन बसवून देते? सुनेचा बाप पोहरादेवीकडून डिंकाचे लाडू घेऊन आला, तवा जाता जाता भांड्याच्या दुकानात चित्र दाखवून आला. दुकानदार हासला. "घेईन कोन?" म्हने.

घेईन कोन म्हंजे? सोमवारी भिशी आमच्या घरी हाये. दोन डबे ठेवतो, एक साधा अन् एकाच्या झाकनाले आमचे हे भोक पाडून देतीन. बूच सायकलच्या दुकानातून आनतीन. दोन्हीत गरम वरन भरतो, थंडं होऊ देतो, अन् पयला डबा जावेच्या हातात देतो, एका हातानं उघडाले. येजा वहिनी, चुकवू नोका!