दादूस आणि कच्चे खून

रहस्यकथा बघताना ज्याच्या शेजारी बसू नये असा एक माणूस प्रत्येक घरात असतो. वसई तालुक्यातल्या आमच्या जूचंद्रात त्याला दादूस म्हणतात. वय पन्नाशीकडे झुकलेलं, पोट पन्नाशी ओलांडून गेलेलं. सकाळच्या दिवा गाडीने भिवंडीला कामावर, संध्याकाळी परत. या लाइनवर गाड्या मोजक्या, त्यामुळे जूचंद्र स्टेशनच्या फलाटावर माणसाला एकतर झोप लागते नाहीतर नाद. दादूसला ‘डिटेक्टिव्ह कोनन’चा नाद लागला.

भाच्याने मोबाइलमध्ये भरून दिलेलं हे जपानी कार्टून १९९६ पासून चालू आहे आणि त्याचे हजाराच्या वर भाग झालेत. शिनिची कुदो हा शाळकरी डिटेक्टिव्ह. काळ्या कपड्यांतले बदमाश त्याला विष देतात. तो मरायच्या ऐवजी सहा-सात वर्षांचा पोरगा होतो. हे दादूसला लगेच पटलं. मग हा पोरगा मनगटातल्या घड्याळातून सुई मारून कोगोरो मोरी नावाच्या मिशीवाल्या डिटेक्टिव्हला झोपवतो आणि बो-टायमधल्या यंत्रातून त्याच्याच आवाजात खुनाचा उलगडा करतो. तेही पटलं. झोपेत भाषण करणारे आपणसुद्धा निवडून दिलेत, असं त्याचं म्हणणं. पटला नाही तो फक्त खून.

पहिल्याच भागातला घ्या. मनोरंजन पार्कमध्ये रोलर कोस्टर बोगद्यात शिरतो आणि बाहेर येतो तेव्हा एका प्रवाशाचं मुंडकं गायब. खून केलाय त्याच्या जुन्या मैत्रिणीने. ती जिम्नॅस्ट. त्या काळोखात, त्या वेगात, सेफ्टी बारमधून अंग सोडवून तिने पाय अडकवले, मागे झेपावली, त्याच्या गळ्यात तारेचा फास टाकला, दुसरं टोक रुळाला अडकवलं आणि परत जागेवर बसली. हे ऐकून दादूस फलाटावरून उठलाच.

“आरं बाला, आमच्या गाडीत चवथी सीट मिलवताना माणसाचा जीव जातो, आन् ही उलटी लटकून हूक लावतंय?”

भाचा म्हणाला, “मामा, ती जिम्नॅस्ट आहे.”

“मंग ऑलिम्पिकला पाठवा. खून कशाला करतंय?”

दादूसचं वाचन जुनं आहे. घरात बाबूराव अर्णाळकरांच्या फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा होता. अर्णाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड वाचून अर्धा महाराष्ट्र रात्री कंदील मोठा करून झोपला. नावात अर्नाळा आहे म्हणून दादूस त्यांना आपल्या वसई तालुक्यातलेच धरतो, आणि पुराव्याची भानगड इथे त्याला नको असते. गोष्टीतला खून मात्र नियमात बसायला हवा. इंग्लंडमधले पाद्री रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेसाठी दहा नियम घालून दिले. खुनी सुरुवातीलाच दिसायला हवा, कोणालाच ठाऊक नसलेलं विष चालणार नाही, डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. दादूसने नॉक्सचं नावही ऐकलेलं नाही. तरी दहापैकी सात नियम तो गाडी कामण रोडला लागायच्या आत मोडलेले पकडतो.

त्यात दादूस स्वतः रांगोळीवाला. आमच्या गावातली माणसं रांगोळीत हुबेहूब चेहरे काढतात. फोटो समजून लोक वाकून बघतात. एका डोळ्यातला उजेड कुठून येतो, यावर इथे रात्र रात्र वाद चालतो. असा माणूस पडद्यावरची सावली मोजणारच. “खिडकी डावीकडं, फुलदाणीची सावलीपन डावीकडं. म्हंजे एकतर खुनी घरातलाय, नायतर चित्रकार घाईत होता.” बहुतेक वेळा चित्रकारच निघतो.

त्याचा सगळ्यात मोठा राग मात्र शेवटच्या पाच मिनिटांवर. डिटेक्टिव्ह बोट दाखवतो, खुनी एकदा म्हणतो, “पुरावा कुठाय?” पुरावा म्हणून चहाचा एक डाग निघतो आणि तेवढ्यावर तो गुडघे टेकून सगळं बालपण सांगायला लागतो. “आरं, वकील कर! जामीन माग! वसईच्या कोर्टात तारीख पडली असती तर ह्यो डाग वालून उडून गेला असता!”

कच्च्या खुनांच्या बाबतीत दादूसला अनुभवाचा आधार आहे. नायगावच्या बाजूला मालिकांचे सेट पडतात. एकदा कमी पडणारा मुडदा म्हणून त्याला नेलं. सकाळपासून पांढऱ्या चादरीखाली तो मन लावून पडून होता. चहाच्या सुट्टीत त्याने चादर सारून अदबीने विचारलं, “साहेब, मला मारलंय कोनी?” साहेब म्हणाले, “अजून ठरायचंय.” तेव्हापासून कोणत्याही खुनावर त्याचा विश्वास बसत नाही.

मग बघतोस कशाला, असं मी एकदा विचारलंच. तर म्हणे, खून सोडून बाकी झकास असतं. पावसातलं जपानी स्टेशन, नूडल्सच्या वाडग्याची वाफ, मिशीवाल्याची फजिती, त्याच्या पोरीचा कराटे. मला ते पटलं. लग्नात भाषण वाईट होतं म्हणून कोणी पंगतीतून उठत नाही.

गेल्या दिवाळीत रांगोळीच्या प्रदर्शनात मात्र खरी केस आली. दादूसच्या रांगोळीतल्या म्हातारीच्या कानावर कोणाचा तरी अंगठा उमटला. त्याने दार लावून घेतलं, सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि टॉर्च आडवा धरून सावली तपासली. अंगठ्याची दिशा, दाब, चाळलेला रंग कुठल्या बाजूला सरकलाय, सगळं झालं. मग घसा खाकरून, हात मागे बांधून त्याने सुरुवात केली, “आपल्यापैकी एक जन...”

“मामा, मीच. पाय घसरला,” भाचा म्हणाला.

दादूसचा चेहरा पडला. “चूप बस,” तो म्हणाला, “आदी पुरावा कुठाय इचार.”