वरच्या घरचा दुबईवाला

अहो वहिनी, कपडे मागाहून वाळत घाला. जरा गडग्याशी या. आणि हळू बोला, वरच्या घरच्या काकी पडवीत बसल्यात नि वारा तिकडेच वाहतोय.

गेला हो, पहाटेच गेला. काल गौरी-गणपती पोचवले, आज मुलगा. आलाही एकटा, गेलाही एकटा. काकींनी नागपंचमीपासून गोधड्या उन्हाला घालायला काढल्या होत्या, म्हणजे ऊन पडेल तेव्हा. पण दुबईतल्या शाळा उघडल्या २५ ऑगस्टला आणि चतुर्थी आली २७ला. लांबलचक सुट्टी होती तेव्हा गणपती नाहीत, गणपती आले तेव्हा सुट्टी नाही. काकी मला म्हणतात, "पुढल्या वर्षी तरी जमेल का गं?" कालनिर्णय काय माझ्या हातात आहे? पुढल्या वर्षी ज्येष्ठ अधिक, म्हणजे चतुर्थी गेली १४ सप्टेंबरवर. तेव्हा तर शाळा ऐन रंगात. मी म्हटलं, बघू. दुसरं काय म्हणणार?

पण गंमत ऐका. हा सोमवारी सकाळी पोरांना शाळेच्या बसमध्ये बसवून निघाला, मुंबईत विमान बदलून मोप्याला उतरला आणि मंगळवारी सकाळी नऊला इथे आंघोळ करून चहा पीत होता. डोंबिवलीचा चुलतभाऊ त्याच सोमवारी दुपारी बायको-पोरांसकट जादा गाडीत बसला, तो पोचला मंगळवारी दुपारी बाराला. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं म्हणून बिचारा अलार्म लावून बसला होता, तरी वेटिंगच. आणि रस्त्याने यावं तर तो मुंबई-गोवा हायवे २०११ पासून रुंद होतोय, अजून होतोच आहे. म्हणजे समुद्रापलीकडचा आधी, डोंबिवलीचा मागाहून. पाय सुजलेले त्याचे. तो पडवीत टेकतोय न टेकतोय, तोवर आमचे दुबईकर काय म्हणावेत? "यंदाचा गणपतीचा सगळा खर्च माझा."

चांगल्या मनाने म्हणाला हो, त्यात वाद नाही. पण डोंबिवलीकराचा चेहरा उतरला. "मग आम्ही काय प्रसादापुरते आलो?" एवढंच बोलला आणि पाय धुवायला विहिरीवर गेला. त्याची बायको हरतालिकेच्या उपासाची, ती तर बोललीच नाही. मी तिथेच होते, नारळ द्यायला गेले होते. उठावं की बसावं ते कळेना, म्हणून बसले.

तुम्हाला ती वही ठाऊक आहे ना? आबांची, लाल कापडाची. तीन घरांचा एक गणपती, दरवर्षी तिघांचा वाटा सारखा. मूर्ती, भटजी, तेल, भजनकऱ्यांची उसळ, सगळं त्यात लिहिलेलं. डोंबिवलीकराचे वडील मुंबईला गिरणीत होते तेव्हाही त्या घराने वाटा चुकवला नाही, आणि गिरण्यांच्या संपाच्या वर्षीसुद्धा नाही, १९८२ सालच्या पानावर बघा. काकी सांगतात, तेव्हा बायकोच्या पाटल्या ठेवल्या होत्या. त्या माणसाच्या मुलाला तुम्ही सांगता, तुझे पैसे नकोत? माझ्या मते तो अपमानच. दुबईवाल्याला उमगलं नाही, कारण त्याने फक्त बेरीज बघितली.

आबा मात्र मुरलेले. वही मिटली आणि म्हणाले, "पैसे खिशात ठेव. माटवीक फळां कोण आणतलो, ता सांग."

गेली दोन वर्षं गणपतीवरच्या माटवीचं सामान कुडाळच्या बाजारातून येत होतं, आबांच्या गुडघ्यामुळे. तर कोयता दिला दुबईकराच्या हातात नि धाडलं रानात, सोबत डोंबिवलीचा भाऊ. बूट बघितलेत त्याचे? पांढरेशुभ्र, धावायचे. परत आला तेव्हा दोन्ही बूट तांबडे आणि पोटरीला जळू. त्याला पत्ताच नाही. भावाने मीठ चोळून काढली आणि मग जे हसले दोघे, दुपारचं सगळं तिथेच संपलं.

सामान मात्र बरं आणलं. कवंडळं लालभडक, कांगण्यांचे घोस, आंब्याचे टाळ, सुपारीचं एक शिपटं. शेरवड काही ओळखता येईना, तर याने मोबाईल धरला पानावर. मोबाईल म्हणतो, मुसाएंडा. आबांना दाखवलं. आबा म्हणाले, "तुझो मोबाईल म्हणता ता म्हणू दे, ती शेरवड." मग चिबूड नि तवसं बांधताना सुंभाची गाठ याला जमेना. लहानपणी झाडावर झोपाळा टांगणारा मुलगा हा! तिसऱ्यांदा चिबूड खाली आला तो थेट आबांच्या पाटाजवळ. काकी आतून ओरडल्या, "अरे, ती बाजारातली प्लास्टिकची दोरी घे." ऐकला नाही. रात्री दहापर्यंत बसून गाठ मारली. काल विसर्जनापर्यंत एक फळ हललं नाही, मी मुद्दाम बघितलं.

आणि वाटा? तोही तिघांचा सारखाच लिहिला. जास्तीचे पैसे त्याने देवखोलीच्या कौलांना द्यायचे ठरवलंय, तेही तिघांना विचारून. शिकला म्हणायचं.

सुनेचं म्हणाल तर मी आधी जरा नाक मुरडलंच होतं. पण पहिल्या दिवशी आरतीला त्याने व्हिडिओ कॉल लावला. इथे साडेआठ, तिकडे सात. आमच्या वाडीत रेंज तुळशीपाशीच, म्हणून फोन वृंदावनात उभा केला आणि आरती माजघरात! त्या पोरांना दिसली काय, तर तुळस आणि मधूनच आमचा मोत्या. पण नातवाने टाळ्या वाजवत घालीन लोटांगणही पुरं केलं बरं का, कुठे अडला नाही. सुनेने तिकडे शाडूचा छोटा गणपती बसवलाय, ऑफिस सांभाळून. मोदकांचा फोटो पाठवला तर काकींनी चष्मा लावून कळ्या मोजल्या. अकरा. म्हणाल्या, "उकड जरा सैल दिसते." पण तो फोटो त्यांनी भटजींपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवला. तिकडे देवधर्म चालतो का, असं विचारणाऱ्या सोनारीण मावशींना तर फटकारलंच, "जबल अलीला २०२२ साली केवढं देऊळ झालंय, तुम्ही बसा विचारत."

काकींचं खरं दुःख वेगळंच आहे. सुनेचा ओवसा राहिलाय. लग्नाचं वर्ष व्हिसात गेलं, पुढे कोरोना, मग बाळंतपण. परवा गौरीपुढे दुसऱ्यांच्या सुना सुपं घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा काकी तेरड्याच्या गौरीकडे बघत होत्या, सुनांकडे नाही. थोरामोठ्यांना सूप द्यायचं, त्यांनी त्यात काही घालायचं, तर काकींनी सुपात घालायची सोन्याची कुडी लग्नापासून करून ठेवलीय. मला दाखवली. जुन्या घडणीची आहे, मोती जरा पिवळा पडलाय.

आता मी सांगते ते मनात ठेवा. काल विसर्जनाहून येताना तो मला वहाळावर म्हणाला, पुढच्या वर्षी पोरांना सुनेची आई दुबईत येऊन सांभाळणार आणि सून गौरीला एकटी येणार, पाच दिवसांची रजा टाकूनसुद्धा झाली. आईला मुद्दाम सांगितलेलं नाही, म्हणाला, रजा मंजूर झाल्याशिवाय आशा लावायची नाही. तेव्हा तुम्ही कुठे बोलू नका हं. मी फक्त तुम्हाला सांगितलं, आणि खालच्या घरच्या अक्कांना. आणि हो, सकाळी कासारणीला विचारून ठेवलंय, सुनेच्या मापाच्या हिरव्या बांगड्या लागतील म्हणून. तिने कुणासाठी ते विचारलं, तेव्हा सांगावंच लागलं.